ओटीचे दगड

‘२००५’मधल्या पाचाची शेपटी तेवढी राहिली होती. पाशामियाँनी श्वास रोखला, करंगळी दगडावर टेकवली आणि ब्रश एका दमात खाली ओढला. शेपटी निमुळती होत गेली आणि जिथं संपायला हवी होती तिथंच संपली. मग त्यांनी श्वास सोडला, दोन पावलं मागं सरून मान तिरकी केली आणि स्वतःशीच म्हणाले, “हां. अब आया.”

वय सहासष्ट. उठता-बसता गुडघे कुरकुरतात, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरायला लागलाय, पण हात अजून थरथरत नाही. मुखेडातल्या अर्ध्या दुकानांवर एके काळी या हाताचं अक्षर होतं. किराणा, खत-बियाणं, केशकर्तनालय, दातांचा दवाखाना, ट्रॉलीच्या फळीवर ‘आईची कृपा’ आणि हॉटेलाच्या भिंतीवर ‘येथे थुंकू नये’. लोक तरी थुंकायचेच, पण अक्षर वाचवून थुंकायचे, असं पाशामियाँ अभिमानानं सांगत. मग फ्लेक्स आले. एकेक पाटी उतरत गेली. गेल्या दिवाळीत वीरण्णाच्या भांड्यांच्या दुकानावरची शेवटची पाटी उतरली, आणि वीरण्णानं ती पत्र्याच्या भावात भंगारात घातली. पाशामियाँ त्या दिवशी दुसऱ्या रस्त्यानं घरी गेले.

आता त्यांचं अक्षर उघड्यावर राहिलं होतं ते एकाच जागी, बोरतळच्या तळ्याकाठी, आठ दगडांवर.

बोरतळ मुखेडपासून दोन कोसांवर. तळं निजामाच्या काळातलं. इतर गावं देवाची ओटी भरतात, बोरतळ तळ्याची भरतं. ज्या वर्षी तळं सांडव्यावरून वाहतं, त्या वर्षी गावातल्या बाया खण, नारळ, तांदूळ घेऊन काठाशी जातात. पाणी जिथवर आलं असेल तिथं एक दगड रोवायचा, त्याला शेंदूर फासायचा, ओटी पाण्यात सोडायची. तळं दर साली थोडंच भरतंय, या मुलखात चार-सहा वर्षांनी एकदा भरलं तरी नशीब. म्हणून त्या दगडावर सनही लिहायचा, आणि त्यासाठी मुखेडचा पेंटर बोलवायचा. ही सन लिहायची टूम निघाली त्र्याऐंशी साली. तो पहिला आकडा लिहिला गुरुपादप्पा पेंटरांनी. ते पाशामियाँचे उस्ताद. पुढचे आठ दगड पाशामियाँचे. प्रत्येकाच्या खालच्या कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरात, ‘पाशा’ अशी सही.

त्र्याऐंशीनंतर गावानं सांडव्याची भिंत हातभर चढवून घेतली होती. तळ्याला तीन बाजूंनी उभा काठ, तिकडं काही फरक कळला नाही. पण उत्तरेची जमीन पोळपाटासारखी सपाट. हातभर पाणी चढलं की ते तिकडं दोनशे पावलं पसरायचं. उस्तादांचा दगड म्हणूनच आत, पाण्याच्या जवळ राहिला, आणि पाशामियाँचे आठ दगड दोनशे पावलं मागं. मधल्या पट्ट्याला गाव चिखली म्हणतं. तळं सांडलं नाही तरी पावसाचं पाणी तिथं दर साली साचतं. चार महिने गुडघाभर पाणी, चार महिने चिखल, चार महिने भेगाळलेली भुई आणि लव्हाळा. मरळ मासा अंडी घालायला तिथंच येतो. शेकाट्या, टिटव्या, कमळपक्षी, हिवाळ्यात चक्रवाकांची जोडपी, सगळा संसार चिखलीत. गावाच्या विहिरीही तिच्याच जिवावर मार्चपर्यंत तग धरतात.

आणि हीच चिखली कागदावर तळ्यात नव्हती. कागदावर ती नुसती पड जमीन. नरसिंग नावाच्या माणसानं ती घेतली आणि फ्लेक्स लावला: ‘तलावाच्या काठी आपले हक्काचे घर’.

त्या फ्लेक्सविरुद्ध उभी राहिली ती गावच्या शाळेतली आरती मॅडम. आठ वर्षं ती दर रविवारी दुर्बीण घेऊन चिखलीत पक्षी मोजायची. तिच्याचसाठी पाशामियाँनी शाळेच्या भिंतीवर एक्केचाळीस पक्षी रंगवले, नावांसकट. चाळीस वर्षं जे पक्षी त्यांनी ‘ते लांब पायाचं’ आणि ‘ते बोंबलणारं’ म्हणून ओळखले, त्यांना नावं होती हे त्यांना तेव्हा कळलं, आणि नावं कळली तसा जीव जडला. मॅडमनं अर्ज केले, नांदेडला खेटे घातले. शेवटी ठरलं की पाणथळ जागेची हद्द जागेवर येऊन आखायची. उपग्रहाच्या चित्रांत नेमके भर पावसाळ्यातले ढग होते. तिथल्या साहेबांनी सांगितलं, पाणी कुठवर येतं याची जमिनीवरची जुनी खूण दाखवा, तिथून हद्द धरू.

जुनी खूण म्हणजे ओटीचे दगड. दुसरं काय होतं गावाकडं?

पाहणी उद्या होती. मॅडमनं पाशामियाँना फोन करून एवढंच सांगितलं होतं, “चाचा, दगडांभोवतीची वेडी बाभूळ आणि गवत काढून ठेवाल का? आकडे दिसले पाहिजेत.” पाशामियाँ सकाळीच कोयता घेऊन आले. दहा वाजेपर्यंत सगळं साफ झालं. मग घाम पुसत ते अठ्ठ्याऐंशीच्या दगडासमोर उभे राहिले आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली. आकडे होते, नाही असं नाही. पण एका आठाचं डोकं उडालेलं, रंगाला पापुद्रे सुटलेले, सही तर मागमूसही नाही. उद्या साहेब येणार, आणि हे अक्षर बघणार? पाशा पेंटरचं?

ते सायकलवर टांग टाकून मुखेडला गेले आणि रंगाचा डबा, ब्रश, टर्पेंटाइन आणि तारेचा ब्रश घेऊन परत आले.

तर आता ते ‘२००५’वर आले होते. अठ्ठ्याऐंशी, नव्वद, अठ्ठ्याण्णव झाले. सिंधुबाई म्हशी घेऊन काठानं येत होती. तिचं शेत तळ्याला लागून, आणि गेल्या दोन ओट्या तिच्याच हातानं भरलेल्या.

“पाशाभाई, सकाळधरनं काय करून राहिले?”

“उद्या सायेब येऊन राहिलेत, सिंधुअक्का. आन आकडे बगा कसे झालते. असलं अक्षर दावायचं व्हय सायबाला?”

सिंधुबाईनं म्हैस थांबवली, पदरानं तोंड पुसलं आणि एकेक दगड पाहिला. तिला वाचता येत नव्हतं, पण चांगलं दिसणं कळत होतं.

“लई बेस केलाव. पाव्हनं येनार म्हनलं की आपुन बी भितीला पोतारा देतावच की.” मग ती जराशी थबकली. “पर अक्षर नवं आन शेंदूर उडालेला, हे बरं दिसंल का? थांबा, म्या आनते.”

ती म्हशी तशाच सोडून घरी गेली आणि वाटीत शेंदूर-तेल कालवून घेऊन आली. दुपारभर दोघं काम करत राहिली. ते आकडा लिहायचे, मागून ती शेंदूर माखायची. एक टिटवी त्यांच्या डोक्यावर घिरट्या घालत ओरडत होती, म्हणजे जवळच कुठं तरी अंडी होती. दोघंही पाय जपून टाकत होती.

उन्हं कलली तेव्हा नववा दगड तेवढा उरला. तो दोनशे पावलं खाली, पाण्याच्या बाजूला. ‘सन १९८३’. अक्षर दगडाच्याच रंगाचं झालेलं, डोळे बारीक केले तरच दिसणारं.

“ह्यो राहिला की,” सिंधुबाई म्हणाली.

“ह्याला हात न्हाई लावायचा.”

“कामून?”

“उस्तादाचं अक्षर हाय. उस्तादाच्या रेगंवर रेग मारायची नसती. आमच्यात तसं हाय.” पाशामियाँ दगडाजवळ बसले. “सफेदा स्वता घोटायचे, जवसाच्या तेलात. डब्यातला रंग कदी शिवले न्हाईत. बगा, चाळीस सालं झाली, फिका झालाय पर पापुद्रा सुटला न्हाई. दगडात मुरलाय.”

“मंग माझा शेंदूर बी नगं. तुमच्या उस्तादाला राग यील.” ती हसली आणि वाटी पदराआड घेतली.

घरी आल्यावर हाजराबींनी नवऱ्याकडं निरखून पाहिलं. “क्या जी, इत्ते खुश कैकू दिखरे?”

“आठ पत्थर लिख्या आज,” पाशामियाँ म्हणाले आणि हात रॉकेलनं धुवायला बसले. सकाळी चहाआधीच ते पुन्हा बोरतळला गेले. एका हातात रंग बसत नाही, दुसरा हात द्यावाच लागतो, हे पेंटरला कुणी सांगावं लागत नाही.

अकरा वाजता जीप आली. मंडळ अधिकारी, तलाठी आणि मोजणीचं यंत्र घेऊन दोन माणसं. नरसिंग आधीच आला होता, पांढरे कपडे, पायात साध्या चपला, सगळ्यांना हात जोडून नमस्कार. गावातली वीस-पंचवीस माणसं बाभळीच्या सावलीला. मंडळ अधिकारी किरकोळ अंगाचे, कमी बोलणारे, डोक्याला रुमाल बांधलेला. ते मॅडमचं बोलणं पूर्ण ऐकून घेत होते, पक्ष्यांच्या नोंदींची वही पानं उलटून बघत होते, आणि पाशामियाँना वाटलं, माणूस चांगला आहे. पुढं काय झालं त्याचं जास्त वाईट वाटलं ते त्यामुळंच. माणूस चांगलाच होता.

“हा सोळा सालचा दगड, सर,” मॅडम म्हणाली. “त्या वर्षी पाणी इथवर होतं.”

आकडे उन्हात लखलखत होते. शेंदूर तर दुरूनच दिसत होता. साहेब खाली बसले. त्यांनी आधी वास घेतला, मग दोनच्या पाठीवर तर्जनी टेकवली आणि बोट उचलून पाहिलं. बोटाचं टोक पांढरं झालं होतं.

“हे कधी लिहिलं?”

“सोळा साली, सर.”

“मी रंगाबद्दल विचारतोय, मॅडम.”

मॅडमनं दगडाकडं पाहिलं. ती थेट शाळेतून आली होती, तिनंही ते आत्ताच जवळून पाहिलं होतं. तिचा चेहरा उतरत गेला. पाशामियाँ गर्दीतून पुढं आले.

“म्या लिवलो, सायेब. सोळा सालीच लिवलो. काल फकस्त रंग दिलो. आन दुसरा हात सकाळी.”

“आणि शेंदूर?”

“त्यो म्या लावले,” मागून सिंधुबाई म्हणाली. तिला अजून काही कळलं नव्हतं. तिला वाटलं, साहेब चौकशी करतात म्हणजे आवडलंय.

“म्हणजे सगळेच दगड काल रंगवले.”

“आठ,” पाशामियाँ म्हणाले. “नववा न्हाई.”

नरसिंग आत्तापर्यंत एक शब्द बोलला नव्हता. आता तो बोलला, तेही हळू, अदबीनं. “सायेब, मला काय म्हनायचं न्हाई. पाशाचाचांनी आमच्या बापाच्या दुकानाची पाटी लिवलीय, मानूस सोन्यासारखा हाय. पर दगूड काल रवला का धा सालाआदी रवला, हे आता कुनी सांगावं?”

“रंग खरवडून बगा, सायेब, खाली जुना...” पाशामियाँ बोलता बोलता थांबले. त्यांच्या लक्षात आलं. पापुद्रे सुटलेल्या रंगावर रंग चढवणारा पेंटर नव्हे, तो भिंत रंगवणारा गडी. त्यांनी कालच, प्रत्येक दगड, तारेच्या ब्रशनं घासून घासून अगदी कोरा केला होता. टर्पेंटाइननं पुसला होता. खाली काही म्हणजे काही नव्हतं.

साहेब वाट पाहत होते.

“न्हाई,” पाशामियाँ म्हणाले. “खाली काय न्हाई. म्याच काढलो. पापुद्र्यावर रंग धरत न्हाई.”

मॅडमनं हर तऱ्हेनं प्रयत्न केला. दगड खणून बघा म्हणाली, किती खोल आहेत ते. खोलीवरून साल निघत नाही, साहेब म्हणाले. गावातल्या म्हाताऱ्यांनी आपापल्या आठवणी सांगितल्या, पाणी कुठवर यायचं ते हातवारे करून दाखवलं, आणि प्रत्येकाचा हात थोड्या निराळ्या जागी गेला. शेवटी साहेब म्हणाले, “तो नववा कुठं आहे?”

पाशामियाँच त्यांना घेऊन गेले. दोनशे पावलं. भेगाळलेल्या चिखलावरून, लव्हाळ्यातून, टिटवीच्या ओरडण्याखालून. साहेबांनी बाटलीतलं पाणी रुमालावर घेऊन दगड पुसला, तसे आकडे दगडातून वर आले, फिके, तुटक, पण सगळे. ‘सन १९८३’. कोपऱ्यात ‘गु.’ साहेबांनी बोट फिरवलं. बोटाला काही लागलं नाही.

“हे मला लिहिता येईल,” ते म्हणाले आणि त्यांनी यंत्रवाल्यांना हाक मारली.

तेव्हा कुठं पाशामियाँना पुरतं उमगलं. यंत्राची तिपाई उस्तादांच्या दगडाजवळ उभी राहिली. हद्द तिथून धरली जाणार होती, आणि चिखली सगळीच्या सगळी पाठीमागं, बाहेर राहणार होती.

“सायेब, त्र्याऐंशीनंतर सांडवा चढवला. हातभर. त्याच्यानंतर पानी पार वरपस्तोर येतंय.”

“त्याचा कागद?”

कागद मॅडमनं वर्षभर शोधला होता. गावानं श्रमदानानं चढवलेल्या भिंतीचा कागद कुठून असणार. ती मान खाली घालून वही मिटत होती.

“चाचा,” साहेब म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात कठोरपणा नव्हता, “तुम्ही खरं बोलताय, मला दिसतंय. पण मला जे दाखवता येईल तेच लिहिता येतं. हा एक दगड नसता तर आजचं पाणी जिथं आहे तिथूनच हद्द धरावी लागली असती.”

पंचनामा जीपच्या बॉनेटवर लिहिला गेला. तलाठ्यानं वाचून दाखवला: आठ दगडांवर ताजा रंग व शेंदूर आढळला, त्यांच्या काळाबद्दल खात्री देता येत नाही, एक दगड जुना, त्यावरील अक्षर जीर्ण व विश्वासार्ह. पंच म्हणून हजर असलेल्यांपैकी दोघांच्या सह्या हव्या होत्या. कुणी पुढं येईना. मग साहेबांनीच विचारलं, “चाचा, तुम्ही?”

“करू नका,” मॅडम पटकन म्हणाली. “चाचा, सही नका करू.”

पाशामियाँनी कागद हातात घेतला. डावा डोळा मिटून, उजव्यानं, ओळ न ओळ वाचली. पुन्हा पहिल्यापासून वाचली. सगळा गाव त्यांच्याकडं पाहत होता.

“ह्याच्यात खोटं काय हाय, मॅडम?” ते म्हणाले.

पाशामियाँनी पेन घेतलं, करंगळी बॉनेटवर टेकवली आणि सही केली. तलाठ्यानं कागद परत घेताना सहीकडं पाहिलं आणि नकळत म्हणाला, “काय अक्षर आहे हो.”

जीप गेली. माणसं पांगली. सिंधुबाईला कुणी तरी बाजूला नेऊन सगळं समजावून सांगितलं, तेव्हा ती शेंदरानं लाल झालेले आपले हात लुगड्याला पुसत राहिली. मॅडम पाशामियाँजवळ येऊन उभी राहिली.

“मी तुम्हाला नीट सांगायला पाहिजे होतं, चाचा. जुनं दिसणं महत्त्वाचं आहे, एवढं सांगायला पाहिजे होतं.”

“तुमी गवत काढा म्हनला. रंग तुमी म्हनला न्हवता.” त्यांनी सायकलचं स्टँड काढलं. “चाळीस साल लिवलो, मॅडम. माज्या अक्षराला कुनी खोटं म्हनलं न्हवतं. आन आज बी त्या सायबानं म्हनलं न्हाई, बगा. म्याच पुसून टाकलो.”

मॅडमनं अपील केलं. अपिलाला तारीख पडली, तारखेला पुढची तारीख पडली. मे महिन्यात चिखलीत मुरमाच्या गाड्या सुरू झाल्या. टिटव्या आठ दिवस ओरडल्या आणि नवव्या दिवशी गप्प झाल्या. मॅडम रविवारी दुर्बीण घेऊन जायची आणि वहीत जे दिसलं ते लिहायची. काही रविवारी तिनं नुसती तारीख लिहिली.

पाशामियाँ बोरतळला गेले नाहीत. मुखेडच्या चौकात एकदा नरसिंग भेटला. त्यानं वाकून सलाम केला, चहा पाजला आणि म्हणाला, “चाचा, प्लाटाच्या दगडावर नंबर टाकायचेत. तुमच्यावानी अक्षर कुनाचंच न्हाई.” तो टोमणा मारत नव्हता, मनापासून बोलत होता, हीच तर खोच होती.

“आता हात थरथरतोय, बाबा,” पाशामियाँ म्हणाले. आयुष्यात त्यांनी हाताबद्दल खोटं सांगितलं ते हे पहिलं.

मात्र त्यानंतर त्यांच्या घरच्या परसात एक वेगळाच आवाज सुरू झाला. पाटे-वरवंट्यांना टाकी लावणाऱ्या नरसम्मा वडारणीकडून पाशामियाँनी छिन्नी आणि हातोडी मागून आणली होती. एका फुटक्या पाट्यावर ते रोज दुपारी बसायचे. पहिल्या दिवशी अंगठा फुटला. हाजराबी कानांत बोटं घालून म्हणायच्या, “इस उमर में ये क्या नया नाद निकाल्या जी?” पाशामियाँ हातोडी चालवतच राहत. पाट्यावर आडव्या-उभ्या रेघा उमटत. एक वाकडी, एक त्याहून वाकडी.

भादव्यात तळं भरलं. तीन दिवस झड लागली होती, चौथ्या दिवशी सांडवा वाहू लागला. सिंधुबाईचा फोन आला.

“पाशाभाई, तळं भरलंय. वटी भरायचीय. येताव ना?”

“दुसरा पेंटर बगा, अक्का.”

“दुसरा हाय का मुखेडात?”

नव्हताच.

“आन माझं ऐका,” ती म्हणाली. “चूक दोघांची हाय. म्या येकटी तळ्याला कसं तोंड दावू?”

ते गेले. डबा, ब्रश काही न घेता, पिशवीत छिन्नी-हातोडी घालून. बाया आधीच जमल्या होत्या, मॅडमही होती. पाशामियाँच्या आठ दगडांतले तीन भरावाखाली गेले होते, दोन यंत्रानं उपटून बाजूला फेकले होते. पण पाण्याला पंचनामा कोण वाचून दाखवणार? ते उस्तादांच्या दगडावरून वर आलं होतं, मुरमाच्या भरावाला वळसा घालून प्लॉटांच्या रस्त्यांत शिरलं होतं आणि जिथं दर वेळी यायचं तिथंच येऊन थांबलं होतं. प्लॉटांचे दगड घोटाभर पाण्यात उभे होते, कुणी तरी घाईघाईनं लिहिलेले त्यांचे नंबर आताच ओघळले होते. पलीकडं, चौदा आणि पंधरा नंबरच्या प्लॉटांमधे, दोन शेकाट्या लांब पाय उचलत चालल्या होत्या. पूर्वी तिथं दोनशे असायच्या. मॅडमनं त्या दोघींची नोंद केली.

“कुठं रवायचा?” सिंधुबाईनं विचारलं.

“पानी जिथवर आलंय तिथं,” पाशामियाँ म्हणाले. “दुसरं कुठं?”

ती जागा सतरा नंबरच्या प्लॉटात येत होती. नरसिंगचा राखणदार शेडच्या दारातून बघत होता. त्यानं एकदा तोंड उघडलं, मग बायांच्या हातांतली नारळाची ताटं पाहिली आणि आत गेला. गावच्या गड्यांनी दगड रोवला. पाशामियाँ त्याच्यासमोर उकिडवे बसले, छिन्नी लावली आणि हातोडी घातली.

ब्रशनं ज्याला अर्धी घटका लागायची त्याला अडीच तास लागले. बाया कंटाळल्या, मग बसल्या, मग गाणी म्हणू लागल्या. दगडाच्या कपच्या उडत होत्या. पहिला दोन जमला, शून्याचं अंड्यासारखं काही तरी झालं, दुसरा दोन पहिल्याहून मोठा निघाला. पाचाची शेपटी तर कुठल्या कुठं गेली. पहिलीतल्या पोरानं पाटीवर काढावा तसा आकडा, ‘सन २०२५’. मुखेडात हे अक्षर कुणी पाशा पेंटरचं म्हणून ओळखलं नसतं.

“वाकडं आलं,” ते म्हणाले.

“येऊ द्या,” मॅडम म्हणाली.

सिंधुबाई शेंदराची वाटी घेऊन पुढं झाली आणि हात दगडापर्यंत नेऊन थांबली. चेहऱ्यावर भीती होती. “लावू का?”

“लावा, अक्का. आता लावा.”

तिनं शेंदूर लावला, मग ओटी पाण्यात सोडली. नारळ थोडा वेळ काठाशीच डुलत राहिला आणि मग हळूहळू आत निघाला. बाया पाया पडून उठल्या. खालच्या कोपऱ्यात नेहमीची जागा मोकळी होती. पाशामियाँनी छिन्नी तिथं एकदा टेकवली, पाहिलं, आणि काढून पिशवीत ठेवली. असल्या अक्षराखाली ते सही करत नसत.

सगळे गेल्यावर ते दगडाजवळ थोडे थांबले. मग त्यांनी तर्जनी पाचाच्या खाचेत घातली, जोरानं घासली आणि बोट डोळ्यांजवळ आणून पाहिलं. दगडाची भुकटी तेवढी लागली होती. ती त्यांनी फुंकरीनं उडवली आणि सायकलकडं निघाले.